माझ्याच चेहऱ्याचं एडिटिंग

चूळ भरली आणि पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर आलं. अजून झोपेत असेन म्हणून पुन्हा भरली. पुन्हा तेच. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आदल्या रात्री मलकापूरला एका हॉलमधलं लग्न आणि त्यालाच जोडून रिसेप्शन उरकून दीड वाजता टू-व्हीलरवरून कराडात घरी आलो होतो. कानटोपी घातली नव्हती, असं आई अजून म्हणते.

आरशात बघितलं. उजवी बाजू माझी होती. डावी कुणीतरी इस्त्री केल्यासारखी सपाट. कपाळाच्या आठ्या मध्यावर येऊन थांबलेल्या. डोळा मिटायला गेलो तर बुबुळ वर गेलं, पांढरं दिसलं आणि पापणी आपली उघडीच. "पोहे नकोत" म्हणायला गेलो तर त्यातला 'प' फुस्सकन निसटला. बायकोनं ओट्यावरून मागं वळून बघितलं आणि हातातला झारा खाली ठेवला.

आई म्हणाली, तोंडावरनं वारं गेलं. शेजारचे काका आले, त्यांनी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. मेव्हण्याचा फोन आला की अमुक गावात एक जण फक्त लकव्याचंच औषध देतो, गुरुवारी या. बायकोनं कुणाचंच ऐकलं नाही, रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडं नेलं. तिचे हे उपकार आहेत आणि ती ते अधूनमधून बोलून दाखवते.

डॉक्टरांनी पहिलं काय केलं असेल, तर भुवया वर करायला सांगितल्या. डावी हलली नाही. ते म्हणाले, "चांगलं आहे." मला राग आला. मग त्यांनी सांगितलं: मेंदूत रक्ताची गाठ-बिठ अडकून तोंड वाकडं झालं तर कपाळ बहुधा वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. कपाळासकट सगळी बाजू गेली, तर गडबड बहुतेक वाटेतल्या नसेत असते. ती नस म्हणजे चेहऱ्याची सातवी नस. कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते, तिथं सूज आली की आवळली जाते. याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्यावरून. त्यांनी १८२१ मध्ये या नसेबद्दल लिहिलं होतं. डोळा मिटताना बुबुळ वर जातं, त्यालाही त्यांचंच नाव. मला शुगर आहे, आणि शुगरवाल्यांना हे जास्त होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, कारण पहिल्या ७२ तासांत त्या पोटात गेल्या तर उपयोग. त्या गोळ्यांनी शुगर किती वर गेली ते इथं लिहीत नाही, आई हे वाचते.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात असते. तिनं धीर द्यायला फोनवर स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे सांगितले. ५५१ रुग्ण, २००७ साली छापून आलेली. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) घेतलेल्यांतले शंभरातले ९४ पूर्ण बरे, न घेतलेल्यांतले ८२. मी म्हटलं, झालं मग. पण उरलेल्या सहांतही कुणीतरी असावंच लागतं ना.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बावीस वर्षं लग्नाची शूटिंग करतो आणि एडिटिंगही स्वतःच करतो. टेपच्या काळापासून. माणसाचं तोंड हाच माझा माल. नवरी कुठल्या बाजूनं बरी दिसते, नवऱ्याचा काका कॅमेरा बघितला की कसा ताठ होतो, हसू खरं कुठल्या फ्रेमला सुरू होतं आणि कुठल्या फ्रेमला विझतं, हे मला झोपेत विचारा. आणि मला माझंच तोंड बघता येईना. म्हणजे दिसत होतं, पण कालच्यापेक्षा आज बरं आहे की नाही हे सांगता येईना. घरातलं पोर रोज बघणाऱ्याला वाढलेलं दिसत नाही, तसं. घरच्यांना विचारून उपयोग नव्हता. बायको चौथ्या दिवसापासून "अहो, बरंच सरळ झालंय की" म्हणत होती. पाचव्या आठवड्यातही तेच म्हणत होती.

आणि डॉक्टरांचं? एकाच आठवड्यात दोन ठिकाणी दाखवलं. एका कागदावर ग्रेड ४, दुसऱ्यावर ग्रेड ५. भाची म्हणाली, यात कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. हाउस आणि ब्रॅकमन या दोन अमेरिकन डॉक्टरांची ही १९८५ ची मोजपट्टी आहे. एक म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे काहीच हलत नाही. आख्खा चेहरा एका आकड्यात कोंबायचा, मग काठावरचा रुग्ण कधी इकडं पडतो, कधी तिकडं. तीन आणि चारमधला मोठा फरक तर एवढाच, की जोर लावल्यावर डोळा पूर्ण मिटतो की नाही. जोर किती लावायला सांगितला, आणि बघणाऱ्याची नजर कुठं होती, त्यावर ठरणार.

ती स्वतः सनीब्रुक नावाची पद्धत वापरते. टोरंटोची, १९९६ ची. यात शंभर मार्क. चेहरा स्वस्थ असताना काय दिसतं ते एक. मग पाच हालचाली: कपाळाला आठ्या घालणं, डोळे हळूच मिटणं, दात दाखवून हसणं, नाक मुरडणं आणि ओठांचा चंबू. प्रत्येकीला एक ते पाच. त्यांच्या बेरजेला चारनं गुणायचं, मग स्वस्थ चेहऱ्यातल्या खोडीला पाचनं गुणून वजा करायचं. आणखी एक वजाबाकी असते, ती पुढं येईल. माझं पहिलं गणित ३२ वजा २०. शंभरपैकी १२. दहावीला गणितात मला याहून बरे होते.

"मामा, तुम्ही दर रविवारी व्हिडिओ काढा," ती म्हणाली. "एकाच जागी, एकाच उजेडात, याच पाच हालचाली, प्रत्येकी तीनदा. आणि फुगे फुगवू नका."

फुगे फुगवायला आणि च्युइंगम चघळायला मला किमान अकरा जणांनी सांगितलं होतं. तिनं सक्त मनाई केली. जोरजोरात तोंड वाकडंतिकडं केलं की चांगलीच बाजू आणखी जोर करते, म्हणे.

पहिला व्हिडिओ मी, बावीस वर्षांचा अनुभवी माणूस, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं हातात धरून काढला. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं दोन संध्याकाळी बसून पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत चेहरा मोजणारा प्रोग्रॅम लिहिला आणि मला निकाल दाखवला: उजवी बाजू अशक्त, पण सत्तर टक्के चालते. माझी डावी गेलेली, आणि ती शून्य टक्के चालते.

चुका एकेक करून सापडल्या आणि बहुतेक माझ्याच निघाल्या. पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं ठेवतो, म्हणून डावं ते उजवं झालं. मोबाइलमध्ये ब्यूटी मोड आपोआप चालू होता, त्यानं गालाची घडी पुसली होती. दोन्ही गाल सारखेच गुळगुळीत. मोबाइल तोंडाच्या फूटभरावर, त्यामुळं नाक फुगलेलं आणि मान जरा वळली तरी एक गाल मोठा. उजेड खिडकीतून एका बाजूनं. एखाद्या पोरानं असं शूटिंग करून आणलं असतं तर मी त्याचा हप्ता कापला असता.

मग स्टुडिओत रीतसर बसलो. ८५ ची लेन्स, दोन मीटरवर ट्रायपॉड, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, दोन्ही बाजूंना सारखे सॉफ्टबॉक्स, मागं राखाडी पडदा. डोकं हलू नये म्हणून खुर्चीच्या पाठीला उशी. सेकंदाला ५० फ्रेमनं शूटिंग, कारण लग्नाच्या २५ फ्रेममध्ये एक पापणी लवली की सात-आठ फ्रेममध्ये कारभार संपतो. शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर, नाहीतर आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर काही दिवे लुकलुकतात आणि फ्रेमवर पट्टे येतात. प्रोग्रॅमला ते पट्टे हालचालीसारखे वाटतात. पासपोर्ट फोटोवाल्यांच्या रांगेसमोर मी दार बंद करून स्वतःला नाक मुरडत होतो.

प्रोग्रॅम काय करतो ते माझ्या भाषेत सांगतो. गुगलचं मीडियापाइप म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते चेहऱ्यावर ४६८ बिंदूंचं जाळं टाकतं. मोबाइलमध्ये कुत्र्याचे कान लावतात ना, ती त्याच जातीची करामत. दर फ्रेमला प्रत्येक बिंदू कुठं आहे, हे मिळतं. दोन्ही डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे जोडून आडवी रेषा, तिला काटकोनात उभी, झाली चेहऱ्याची मधली रेघ. आता पिक्सेलचे मिलिमीटर कसे करायचे? इथं मला मजा वाटली. मोठ्या माणसाच्या डोळ्यातलं रंगीत बुबुळ सगळ्यांचं जवळजवळ सारख्याच मापाचं असतं, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे प्रत्येकाच्या तोंडावर देवानं फूटपट्टी लावूनच पाठवलंय. ती धरून ओठाचा कोपरा हसताना किती सरकला ते मोजायचं आणि डाव्याला उजव्यानं भागायचं.

तरी ते सत्तर टक्के पस्तीसवर येऊन अडकले. शून्य होईनात. मुलगा वैतागला. व्हिडिओ मीच फ्रेम-फ्रेम पुढं सरकवला तेव्हा कळलं. मी हसलो की उजवी बाजू सगळं तोंड आपल्याकडं ओढते, त्यात डावा कोपरा मेलेल्या सापासारखा फरपटत उजवीकडं जातो. तो सरकतो, हे खरं आहे. प्रोग्रॅम फक्त अंतर मोजत होता, दिशा बघत नव्हता. दिशा घातल्यावर आकडा उणे आला. भाचीला सांगितलं तर ती फोनवर इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि तेव्हाही तो कोपरा उजवीकडंच गेला असणार.

पण एक चूक आमची नव्हती. जाळ्याचे बिंदू व्हिडिओवर छापून बघितले, तर डाव्या ओठाच्या कोपऱ्याचा बिंदू माझ्या ओठावर नव्हताच. जरा वर, हवेत होता. जिथं तो असायला हवा तिथं. माझं तोंड खाली लोंबतंय आणि सॉफ्टवेअर म्हणतंय, छे, तोंड असं कुठं असतं का, इथं असणार. ते शिकलंय हजारो धडधाकट चेहऱ्यांवर. चेहरा म्हणजे दोन सारखे अर्धे, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं, की समोर वाकडं दिसलं तरी ते मनातल्या मनात सरळ करतं.

मला त्याचा राग आला नाही. मी बावीस वर्षं तेच केलंय. नवरीच्या एका डोळ्याची पापणी पडते? जरा उचल. नवऱ्याचा जबडा तिरका? लिक्विफाय मारून सरळ कर. २०११ च्या सुमाराचं एक लग्न आठवतं. नवरीच्या आजीचं तोंड जुन्या वाऱ्यानं वाकडं होतं. कॅमेरा दिसला की ती पदर दाताखाली धरायची. घरच्यांनी हळूच सांगितलं, आजीला शक्यतो घेऊ नका. मी तर जिथं चुकून आली होती तिथूनही कापली. तीन तासांच्या व्हिडिओत आजीचे हात तेवढे आहेत, अक्षता टाकताना.

असो. हा गोंधळ आमच्या आधी मोठ्या लोकांच्या लक्षात आला होता, हे भाचीनं नंतर शोधून काढलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयातल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी इमोट्रिक्स नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, २०१८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. फोटोवर ६८ बिंदू आपोआप लागतात, चुकलेला बिंदू माणसानं माउसनं धरून जागेवर आणायचा, मग मापं निघतात. फूटपट्टी बुबुळाचीच. त्यांनाही दिसलं की धडधाकट चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र लकव्याच्या चेहऱ्यावर जास्त चुकतं, आणि अशाच रुग्णांचे फोटो दाखवून पुन्हा शिकवलं की चुका कमी होतात. आमच्याकडं शिकवायला एकच चेहरा. म्हणून मी दर व्हिडिओतल्या मोक्याच्या फ्रेम्सवर बिंदू हातानं सरकवायचं ठरवलं. नवरीच्या नथीतला एकेक मोती मास्क केलेला माणूस मी, त्यात काय एवढं.

आणि मग मला माझी स्वतःची युक्ती सुचली. एडिटिंगच्या टाइमलाइनवर खालच्या लेयरला स्वस्थ चेहऱ्याची एक फ्रेम थांबवून ठेवली, वर हसण्याचा व्हिडिओ ठेवला आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' केला. यात जे दोन्ही लेयरमध्ये सारखं, ते काळं होतं. जे बदललं, तेवढंच उजळतं. प्ले केलं. पडदा काळा, आणि मी हसायला लागलो तशी उजव्या गालावर पांढरी वीज चमकत गेली: ओठाचा कोपरा, गालाची घडी, डोळ्याखालच्या सुरकुत्या. डावीकडं ओठाच्या कडेला फरपटीची एक बारीक राखाडी रेघ. बाकी अमावास्या.

फार हुशारी केली असं वाटून भाचीला पाठवलं. तिनं कळवलं, मामा, हे १९९२ मध्ये झालंय. गेल नीली नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कॉम्प्युटरवर नेमकं हेच केलं होतं, चेहऱ्याच्या फ्रेम एकमेकींतून वजा करायच्या आणि उरलेला उजेड मोजायचा. बरं. तीस वर्षं उशिरा का होईना, कराडात पोचलं.

जानेवारी सगळा तसाच गेला. रोज रात्री डोळ्यात मलम, वर चिकटपट्टी. चहा डाव्या बाजूनं गळायचा म्हणून बशीनं. सीझन चालू होता, पण मी कॅमेऱ्यामागं मास्क लावून उभा राहायचो. कोविडनंतर मास्कचं कुणाला काही वाटत नाही, हे बरं झालंय. "हसा, हसा" म्हणायचं काम हाताखालच्या पोराला दिलं. एकदा स्टुडिओत कुणी नसताना छोट्या कॅमेऱ्याचं स्माइल शटर चालू केलं, माणूस हसला की आपोआप फोटो काढतं ते, आणि समोर बसून हसलो. दोन मिनिटं बसलो होतो. नाही काढला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी आकडा बदलला. तोवर हसताना डावा कोपरा तीन मिलिमीटर उजवीकडं फरपटायचा. दर आठवड्याला तीनच्या आसपास, कधी २.८, कधी ३.२. त्या दिवशी २.१. मुलगा म्हणाला, "पप्पा, हा नॉइज आहे, डोकं हललं असेल." असेलही. पुन्हा शूट केलं, पुन्हा २.२. पाच वेळा केलं. पाचही वेळा अडीचच्या आत.

तेव्हा बायकोला बोलावलं. तिला म्हटलं, माझा उजवा गाल तळहातानं घट्ट दाबून धर, म्हणजे ती बाजू ओढणारच नाही. ती म्हणाली, किती वर्षं वाट बघत होते या कामाची. तिनं गाल धरला, मी हसायचा हुकूम सोडला. आरशात काही नाही. बायकोला काही दिसलं नाही. मुलालाही नाही. व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला, डिफरन्स लावला, ब्राइटनेस चढवला. काळ्या पडद्यावर डावीकडं, नाकपुडीच्या बाजूला जिथं घडी असते, तिथं विडीच्या टोकासारखा एक ठिपका उजळला आणि विझला. सोळा फ्रेम. म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. परत चालवला. परत उजळला. तिन्ही टेकमध्ये, हसायच्या हुकमानंतरच.

मी भाचीला काहीच न लिहिता क्लिप पाठवली. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला. "मामा, नस आली," एवढंच म्हणाली. उघड्या डोळ्यांना ती हालचाल दिसायला त्यानंतर सव्वादोन आठवडे लागले. बायको मात्र अजून म्हणते, मला डिसेंबरातच दिसत होतं.

यानंतरचे दोन महिने मजेचे. आकडा दर रविवारी चढायचा. ११ टक्के, १९, ३४, ५२. मी स्टुडिओच्या भिंतीवर आलेखच लावला. गिऱ्हाइकांना वाटायचं धंद्याचा आहे. मेअखेर हसण्याचा आकडा ८१ झाला आणि मी पेढे घेऊन पुण्याला भाचीकडं गेलो. तिनं समोर बसवलं, तीच पाच कामं करायला लावली, कागदावर लिहिलं आणि म्हणाली, ६१.

मी वादच घातला. कॉम्प्युटर ८१ म्हणतो. ती म्हणाली, "मामा, तुमचा कॉम्प्युटर ओठाकडं बघतोय. तुम्ही चंबू करा आणि डोळ्याकडं बघा." तिनं आरसा धरला. मी ओठांचा चंबू केला आणि डावा डोळा आपोआप बारीक झाला. हसलो, तरी बारीक. जेवताना घासागणिक मी डोळा मारत होतो आणि मला पत्ताच नव्हता. घरच्यांना दिसत होतं. त्यांना वाटलं, सवय लागली असेल.

ही ती दुसरी वजाबाकी. सिनकायनेसिस म्हणतात. नस परत वाढते तेव्हा तिच्यातले काही धागे आपलं घर चुकतात. ओठाकडं जायचा धागा डोळ्याच्या स्नायूला जाऊन भिडतो. मग स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागतो. माझं गणित तिनं मांडून दाखवलं: हालचालींचे १९ गुणिले ४ म्हणजे ७६, स्वस्थ चेहऱ्याचे १० वजा, या चुकलेल्या तारांचे ५ वजा. ६१. फुगे का नकोत ते मला त्या दिवशी पटलं. मी आकड्याच्या नादानं रोज आरशासमोर ताकद लावून हसत होतो, तेही फुगे फुगवण्याचंच भावंड.

मुलानं मग दुसरं माप घातलं. हसताना डोळ्याची फट किती कमी होते? उजवा डोळा पंधरा टक्के बारीक होतो, तेवढा खऱ्या हसण्यात सगळ्यांचाच होतो. डावा अठ्ठावन्न टक्के. इथं फोटो असता तर कळलं नसतं, व्हिडिओच लागतो. ओठ हलायला लागल्यानंतर तीन फ्रेममध्ये डोळा मिटायला लागतो, दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवले की एकच रेघ वाटते. तेव्हापासून व्यायाम बदलला. आता लॅपटॉपवर थेट आकडा बघत अगदी थोडंसं हसायचं, पाव हसू, आणि डोळ्याची फट दहा टक्क्यांहून जास्त मिटली की थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांत घाम येतो. पाव हसू इतकं अवघड असतं हे मी नवऱ्यामुलांना आधी सांगायला हवं होतं.

मध्ये भाचीच्या कॉलेजचा संमतीचा कागद आला. माझे सगळे व्हिडिओ अभ्यासाला द्यायचे का, म्हणून. मी विचारलं, डोळ्यांवर काळी पट्टी मारून देऊ का, पोलिसांच्या फोटोत असते तशी. ती म्हणाली, मग उरलं काय? खरंच आहे, यात चेहरा लपवला तर सगळंच लपतं. कागद चार दिवस टेबलावर होता. आयुष्यभर लोकांची तोंडं न विचारता टिपत आलो, आणि माझं द्यायची वेळ आली तर पेन उचलेना. शेवटी सही केली. एक ओळ मात्र हातानं वाढवली: दाखवायचे तर डिसेंबरापासूनचे सगळे दाखवावेत, फक्त बरे झालेले नकोत. आजीच्या टेपा माळ्यावर असतील. त्यांच्याबद्दल विचारायला आता ती नाही.

सप्टेंबरात सनीब्रुकचे ७६ आले. हसण्याचा आकडा ८४ वर थांबलाय, डाव्या डोळ्याचं बारीक होणं एकतीस टक्क्यांवर आलंय. ८४ पुढं का सरकत नाही म्हणून मुलाला सारखा विचारत होतो, तर त्यानं जुन्या हार्डडिस्कवरून माझाच २०१९ चा एक व्हिडिओ काढला, कुणीतरी चेष्टेनं माझ्यावर कॅमेरा फिरवला होता तो. आजाराच्या कितीतरी आधीचा. प्रोग्रॅममधून काढला. ९१. म्हणजे मी आधीपासूनच उजवीकडं जास्त हसत होतो. शंभर माझे कधीच नव्हते. मग खात्री करायला त्यानं घरातल्या सगळ्यांना खुर्चीत बसवलं. तो स्वतः ९३. आई ८९, कवळी घालून.

बायको बसायला तयार नव्हती. साडी बदलून आली, केस नीट केले, मग बसली. ८८. "कुठल्या बाजूला कमी आहे?" तिनं विचारलं. डावीकडं, मुलगा म्हणाला. ती काही बोलली नाही. रात्री मी दात घासायला गेलो तर ती आरशासमोर उभी राहून डावा गाल निरखत होती. मी म्हटलं, अगं, बरंच सरळ आहे की.